खोटं न बोलता विमा कसा विकायचा, नवीन एजंट मित्रांसाठी

आयसी-३८ ही विमा एजंटची परीक्षा पास झालात, एजंट कोड मिळाला, ब्रांचला पेढे वाटून झाले आणि आता डीओ (डेव्हलपमेंट ऑफिसर) साहेबांनी सांगितलंय की ओळखीच्या लोकांची यादी काढा, सुरुवात नातेवाईकांपासून करा. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच असतं. पण त्या यादीतल्या पहिल्या घरी जाऊन बसल्यावर नेमकं काय बोलायचं आणि काय अजिबात बोलायचं नाही हे कोणी नीट सांगत नाही. ट्रेनिंगमधे प्रॉडक्ट सांगतात, क्लोजिंग शिकवतात, ग्राहक नाही म्हणाला तर काय उत्तर द्यायचं ते पाठ करून घेतात, आणि खरं किती सांगायचं हा भाग ज्याचा त्याच्यावर सोडून देतात. मी तालुक्याच्या गावी बरीच वर्षं हेच काम करतोय. विम्यामुळे घर सावरलेलं मी बघितलंय, म्हणून तो फसवून विकला गेला की जास्त चीड येते. त्यामुळे जरा सविस्तर लिहितोय.

नियम एकच आहे, बाकी सगळं त्यातून निघतं. जे तोंडी सांगाल ते कागदावर असलं पाहिजे आणि कागदावर जे महत्त्वाचं आहे ते तोंडी सांगितलं पाहिजे. पुढे भांडण होतं ते याच फटीतून होतं, ग्राहक म्हणतो एजंटने असं सांगितलं होतं, कंपनी म्हणते सही तुमचीच आहे ना, आणि एजंट तोपर्यंत फोन उचलायचा बंद झालेला असतो.

पहिल्या भेटीत ब्रोशर बॅगेतून काढूच नका

खरंच काढू नका. आधी विचारा, घरात कमावणारे किती, कर्ज किती आहे, मुलं केवढी आहेत, आईवडील अवलंबून आहेत का, आधीच्या पॉलिसी कुठल्या, मेडिक्लेम आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दर वर्षी न ओढाताण होता किती हप्ता झेपेल. हे एका कागदावर लिहून घ्या. मग उत्तर बऱ्याचदा आपोआप समोर येतं. घरावर वीस लाखाचं कर्ज, दोन लहान मुलं, एकटा कमावणारा, आणि त्याच्याकडे तीन लाखाच्या कव्हरची मनी बॅक (मधेमधे पैसे परत देणारी बचतीची पॉलिसी) आहे, अशा माणसाला अजून एक मनी बॅक देणं म्हणजे त्याच्या बायकोमुलांना उघड्यावर ठेवणं आहे. त्याला आधी टर्म (फक्त मृत्यूचं कव्हर, बचत नाही) दाखवा, मग मेडिक्लेम, मग बाकीचं.

आता इथेच पोटाचा प्रश्न येतो, कारण टर्मचा हप्ता छोटा, त्यामुळे कमिशन छोटं, आणि एंडोमेंटमधे (विमा अधिक बचत) पहिल्या वर्षीचं कमिशन भरपूर. हा ताण खोटा नाहीये, नवीन माणसाला घर चालवायचंय, ब्रांच मॅनेजर टार्गेट मागतोय. पण ग्राहकाने "तुम्हाला यात किती मिळतं" असं विचारलं तर गोलगोल उत्तर देऊ नका, सरळ सांगा. माझा अनुभव असा आहे की आकडा सांगितल्यावर गिऱ्हाईक पळत नाही, उलट बाकीचं पण खरं सांगत असेल असं धरून चालतं. एंडोमेंट वाईटच असते असं मी म्हणत नाही, काही लोकांची सक्तीशिवाय बचत होतच नाही, त्यांना ती चालते, पण ती कशी आहे हे माहीत असून त्यांनी घेतलेली असावी.

मुलांच्या पॉलिसीबद्दल एक मुद्दाम सांगतो. "बाळाच्या नावाने काढा" हे ऐकायला गोड वाटतं आणि आजीआजोबा लगेच चेक काढतात. पण विमा कमावणाऱ्याचा हवा. बाप गेला तर हप्ता कोण भरणार? चाइल्ड प्लॅन द्यायचाच असेल तर पालक गेल्यावर पुढचे हप्ते माफ होतात का ते बघा, तो फायदा त्या प्लॅनमधे नसेल किंवा रायडर (जादा पैसे देऊन जोडायचं कव्हर) घ्यावा लागत असेल तर ते आधी सांगा.

"पैसे डबल" हे शब्द तोंडातून काढून टाका

यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. समजा प्लॅन असा आहे, दहा वर्षं दर वर्षी एक लाख भरायचे, पुढची दहा वर्षं थांबायचं आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी वीस लाख मिळणार. दहा भरले वीस मिळाले, डबल, गॅरंटीड. यात एकही शब्द खोटा नाही आणि तरी समोरच्याची फसवणूक होते, कारण तो मनातल्या मनात बँकेच्या एफडीशी तुलना करतो आणि त्याला वाटतं हे कितीतरी जास्त आहे.

आता हे एक्सेलमधे टाकून बघा. एका कॉलममधे दहा ओळी उणे एक लाख, त्याखाली दहा ओळी शून्य, आणि एकविसाव्या ओळीत वीस लाख. खाली आयआरआरचा (वर्षाला खरा परतावा किती पडतो ते काढणारा) फॉर्म्युला लावा. उत्तर येतं साधारण साडेचार टक्के. मोबाईलवर पण दोन मिनिटात होतं. मी हे ग्राहकासमोर बसून करतो, त्यांच्याच मुलाच्या फोनवर, मुलालाच आकडे टाकायला लावतो. मग ते ठरवतात की साडेचार टक्के, वर एवढं विमा कव्हर आणि शिस्त, हे मला चालतं का. काही जण हो म्हणतात. काही जण नाही म्हणतात, मग मी चहा पिऊन निघतो.

बोनसवाल्या पॉलिसीत आणि युलिपमधे (हप्त्यातला पैसा बाजारात गुंतवणारी पॉलिसी) बेनिफिट इलस्ट्रेशन, म्हणजे पुढे किती मिळू शकेल याचा तक्ता असतो, त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन कॉलम असतात. ते दोन्ही गृहीत धरलेले आहेत, त्यातला कुठलाच परतावा कंपनी कबूल करत नाही. बरेच जण फक्त ८ वाल्या कॉलमवर बोट ठेवून बोलतात. तुम्ही ४ वाल्यापासून सुरुवात करा आणि जी रक्कम गॅरंटीड आहे तेवढ्यालाच पेनने गोल करा, मग त्या कागदावर ग्राहकाची सही घ्या आणि त्याचा फोटो त्यालाच व्हॉट्सॲपवर पाठवा.

ज्यांनी २००५ ते २००८ चा काळ बघितलाय त्यांना युलिपचं काय झालं ते आठवत असेल. "तीन वर्षं भरा आणि विसरा" असं सांगून गावोगाव विकलं गेलं, सुरुवातीच्या हप्त्यांतून केवढे चार्जेस कापले जातायत हे कोणी सांगितलं नाही, मग मार्केट पडलं आणि लोकांच्या हातात भरले त्यापेक्षा कमी आले. १ सप्टेंबर २०१० पासून नियम बदलले, लॉक-इन (पैसे काढता न येण्याची मुदत) तीनाचं पाच वर्षं झालं, चार्जेसवर मर्यादा आली. मोनिका हालन, रेणुका साने आणि सुसान थॉमस यांनी नंतर हिशोब मांडला होता, २००४-०५ ते २०११-१२ या काळात चुकीच्या पद्धतीने विकलेल्या आणि मधेच बंद पडलेल्या पॉलिसींमुळे लोकांचं दीड लाख कोटी रुपयांच्या वर नुकसान झालं असा. हा पैसा शिक्षकांचा, शेतकऱ्यांचा, रिटायर झालेल्या लोकांचा होता. अजूनही काही घरांत विमा म्हटलं की दार लावून घेतात, त्याचं मूळ बऱ्याच ठिकाणी तिथे आहे.

फॉर्म भरताना

प्रपोजल फॉर्म तुम्ही भरणार, कारण ग्राहक म्हणतो "तुम्हीच भरा हो, मी सही करतो कुठे ते सांगा". कोऱ्या फॉर्मवर सही घेऊ नका, कितीही घाई असू दे. आणि तब्येतीचे प्रश्न मोठ्याने वाचा, एकेक. शुगर आहे का, बीपी आहे का, कधी ॲडमिट होता का, कुठली गोळी चालू आहे का, तंबाखू, दारू, वडिलांना काय झालं होतं.

एका घरी असंच चाललं होतं, बैठकीत घरातले मालक सगळ्याला "काही नाही, काही नाही" म्हणत होते, आणि आतून भांडी घासता घासता वहिनींचा आवाज आला, "अहो ती सकाळची पांढरी गोळी कशाची घेता मग?" बीपीची होती. त्यांना लपवायचं वगैरे काही नव्हतं, इतकी वर्षं चालू होती की त्यांना तो आजार वाटतच नव्हता. फॉर्ममधे लिहिलं, गोळीचं नाव स्ट्रिपवरून बघून लिहिलं, मेडिकल झाली, हप्ता थोडा वाढून आला, ते जरा कुरकुरले पण घेतली. म्हणून माझी सवय अशी आहे की हे प्रश्न घरातल्या बाईसमोरच विचारायचे, किंवा ज्याच्या नावाने नॉमिनेशन आहे त्याच्यासमोर, कारण क्लेमच्या वेळी कागद घेऊन तेच माणूस धावणार आहे.

नवीन एजंटना सीनियर सांगतात की लिहू नको, मेडिकल लागेल, केस अडकेल, आणि नाहीतरी तीन वर्षांनी कंपनी काही करू शकत नाही. हे अर्धं खरं आहे म्हणूनच घातक आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं झाल्यावर कंपनीला आयुर्विम्याच्या पॉलिसीवर प्रश्न उठवता येत नाही हे बरोबर. पण माणूस दुसऱ्या वर्षी गेला तर? तेव्हा कंपनी दवाखान्याचे जुने केसपेपर काढते, त्यात शुगर सापडते आणि क्लेम नाकारला जातो. आणि पॉलिसी लॅप्स होऊन (हप्ता चुकून बंद पडून) रिव्हायव्हल केली, म्हणजे परत चालू केली असेल तर ती तीन वर्षं रिव्हायव्हलच्या तारखेपासून परत मोजली जातात, हे तर कितीतरी एजंटना माहीतच नसतं. तुम्ही तुमची केस लवकर पास व्हावी म्हणून एक "नाही" लिहिलंत, आणि त्याची किंमत ज्या बाईने तुम्हाला चहा दिला ती मोजणार.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे फार मोठा आहे. फॉर्म इंग्रजीत आणि सही मराठीत, अशा वेळी फॉर्मच्या शेवटी एक घोषणा असते की यातला मजकूर ग्राहकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितला, आणि त्यावर समजावणाऱ्याची सही असते. ती सही बऱ्याचदा ब्रांचमधे बसलेल्या कोणाचीतरी घेतली जाते ज्याने ग्राहकाचं तोंडही बघितलेलं नसतं. हे करू नका. अर्धा तास बसा, मराठीत सांगा, आणि ज्याने खरंच सांगितलं त्यानेच सही करावी. पॉलिसीबरोबर कस्टमर इन्फर्मेशन शीट येते, त्यात कव्हर, वगळलेल्या गोष्टी, वेटिंग पिरियड (सुरुवातीचा क्लेम न मिळण्याचा काळ) असं सगळं थोडक्यात असतं, ती मराठीतून मागता येते, मागून घ्या.

मग कंपनीचा व्हेरिफिकेशन कॉल येतो. "सगळ्याला हो म्हणा, नाहीतर पॉलिसी होणार नाही" असं ग्राहकाला पढवून ठेवणं ही या धंद्यातली सगळ्यात रुळलेली चुकीची गोष्ट आहे. तो कॉल रेकॉर्ड होतो. पुढे ग्राहकाने तक्रार केली की कंपनी तेच रेकॉर्डिंग पुढे करते, आणि बिचाऱ्याचा स्वतःचाच आवाज त्याच्या विरुद्ध उभा राहतो. तुम्ही त्याला उलट सांगा, कॉल मराठीत मागा, न कळलं तर परत विचारा, मी सांगितलेलं आणि ते सांगतायत ते वेगळं वाटलं तर तिथेच नाही म्हणा.

मार्च एंडची घाई

टॅक्स वाचेल म्हणून विकताना आधी विचारा की तुम्ही जुन्या पद्धतीत रिटर्न भरता की नव्या. २०२३-२४ पासून नवी करपद्धत डिफॉल्ट आहे आणि तिच्यात हप्त्यावरची ती वजावट, जिला सगळे ८०सी म्हणतात, मिळतच नाही. म्हणजे ज्याला टॅक्सचा काही फायदा नाही त्याला टॅक्सच्या नावाने पॉलिसी खपवली जातेय. दुसरं, मॅच्युरिटी करमुक्त व्हायला सर्वसाधारणपणे कव्हर वार्षिक हप्त्याच्या दहा पट तरी लागतं. सिंगल प्रीमियमच्या कित्येक प्लॅनमधे ते सव्वा पटच असतं, तिथे मिळालेल्या फायद्यावर टॅक्स लागतो. मृत्यूनंतर नॉमिनीला मिळणारे पैसे करमुक्त, ते वेगळं. हे माहीत नसेल तर "माझ्याकडून टॅक्सचं नको, सीएला विचारा" एवढं म्हटलं तरी चालेल.

पहिला हप्ता मी भरतो, किंवा कमिशनमधलं अर्धं परत देतो, ही ऑफर तुमच्याकडे स्वतः ग्राहकच मागेल, कारण शेजारचा एजंट देतो. विमा कायद्याच्या कलम ४१ खाली ती बेकायदेशीर आहे, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी सूट मिळाली म्हणून घेतलेली पॉलिसी दुसऱ्या वर्षी लॅप्स होते. तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी बघा, म्हणजे वर्ष उलटल्यावर किती जण हप्ता भरतायत ते. कॉन्टेस्टच्या ट्रॉफीपेक्षा एजंट कसा आहे हे त्या आकड्यावरून जास्त कळतं.

जुनी मोडायला लावून नवी देणं हे त्याच्याच जोडीचं. आयुर्विम्यात मोडताना सरेंडरला नुकसान, नव्यात वय वाढल्यामुळे हप्ता जास्त, तीन वर्षांचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून, आणि या सगळ्यात फायदा फक्त एजंटच्या नव्या कमिशनचा. मोडणं खरंच बरोबर असेल तर दोन्हीकडचे आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडून दाखवा, आणि नवी पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी बंद करायला लावू नका. मेडिक्लेम बदलायचा असेल तर पोर्ट करा (चालू पॉलिसीच दुसऱ्या कंपनीकडे न्या), म्हणजे काढलेला वेटिंग पिरियड वाया जात नाही, आणि त्यासाठी रिन्युअलच्या आधी चांगला दीड महिना तरी हातात ठेवा.

मेडिक्लेममधे "कॅशलेस आहे, एक रुपया द्यावा लागणार नाही" असं कधीच म्हणू नका. रूम रेंटची मर्यादा उदाहरण देऊन सांगा. पाच लाखाची पॉलिसी, रूमला दिवसाला एक टक्का म्हणजे पाच हजार, आणि पेशंटला आठ हजाराच्या रूममधे ठेवलं, तर फक्त वरचे तीन हजार द्यावे लागतात असं लोकांना वाटतं. बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर असल्या खर्चालाही तेच प्रमाण लागतं, पाचाला आठ. म्हणजे औषधं वगैरे सोडून दोन लाखाचं बिल असेल तर कंपनी सव्वा लाख देते आणि पंचाहत्तर हजार खिशातून. डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर हे पहिल्यांदा कळलेल्या माणसाचा चेहरा बघवत नाही. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, को-पे (बिलातला ग्राहकाचा वाटा) असेल तर किती टक्के, हे पण तेव्हाच सांगा.

एक गोष्ट मी तरी कधी करणार नाही आणि तुम्हीही करू नका, ती म्हणजे दहाव्याला किंवा तेराव्याला गेल्यावर पॉलिसीचा विषय काढणं. "बघा त्यांनी काढली नव्हती" असं त्या घरात बोलायचं नसतं. तिथे उपयोगी पडायचं असेल तर गेलेल्या माणसाच्या कपाटात जुन्या पॉलिसीची कागदपत्रं आहेत का ते शोधायला मदत करा, बँकेच्या पासबुकात हप्ता कापल्याची नोंद बघा, क्लेम फॉर्म भरून द्या, पॉलिसी कोणत्याही एजंटच्या कोडवर असो. कर्ज मंजूर करताना किंवा लॉकर देताना बँकेत कोणी पॉलिसी गळ्यात मारत असेल तर ते पण सांगा की ती सक्तीची नाही, नाही म्हणता येतं.

पॉलिसी हातात आल्यावर

बॉण्ड स्वतः नेऊन द्या किंवा पीडीएफ आली असेल तर समोर बसून उघडा. नाव, जन्मतारीख, नॉमिनी, हप्ता किती वर्षं, पॉलिसी किती वर्षं, हे दोन आकडे वेगळे असतात ते बोट ठेवून दाखवा. आणि तेव्हाच फ्री लूकचं सांगा, पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते, तेवढ्या दिवसांचा विम्याचा खर्च, मेडिकल आणि स्टॅम्प ड्युटी कापून पैसे परत मिळतात. २०२४ च्या आधी हे सहसा १५ दिवस असायचं. बरेच एजंट हे लपवतात, तीस दिवस उलटेपर्यंत बॉण्डच देत नाहीत. मुदत मोजली जाते ती पॉलिसी मिळाल्यापासून, म्हणून पाकिटावरची तारीख किंवा ईमेल जपून ठेवायला सांगा.

फिरताना तुम्हाला दुसऱ्या कोणीतरी फसवलेले लोक भेटणारच. एफडी म्हणून सही घेतलेले सत्तरीचे आजोबा, "इर्डामधून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय" अशा फोनवर पैसे भरलेल्या बाई. तिथे आपली पॉलिसी काढू नका, आधी रस्ता दाखवा. इर्डा ही विम्यावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, ती पॉलिसी विकत नाही आणि बोनस पण वाटत नाही, असा फोन आला तर पोलिसात तक्रार. पॉलिसीबद्दलची तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, पोच घेऊन. सोबत इर्डाच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका, किंवा १५५२५५ ला फोन करा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल, तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखापर्यंतच्या तक्रारी चालतात, पण कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. आपल्याकडे मुंबई, ठाणे आणि पुण्यात ऑफिस आहे, गोव्याच्या लोकांसाठी पुण्याचं. तक्रार मराठीत साध्या भाषेत लिहून द्या, कोणी कधी काय सांगितलं, कशावर सही घेतली आणि आता काय हवंय, एक पान पुरे, आणि सोबत व्हॉट्सॲपचे मेसेज, पासबुकाची झेरॉक्स, एजंटने हाताने लिहून दिलेली चिठ्ठी असेल तर ती जोडा. चिठ्ठ्या बऱ्याचदा देवघराच्या कप्प्यात नाहीतर गॅसच्या पुस्तकात सापडतात, शोधायला लावा.